छापील नसलेली, तरी प्रसिद्ध झालेली गोष्ट

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





बक्षीस समारंभात पाहुण्याने थोडे बोलावे आणि मुलांच्या टाळ्या मुलांनाच मिळू द्याव्यात, असा चांगला संकेत आहे. मी तो पाळण्याचा प्रयत्न करीन. परंतु मास्तरकीत चौतीस वर्षे घालविलेल्या माणसाच्या शब्दावर किती विसंबावे, हे तुम्ही जाणताच. शिवाय हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार असल्याचे चिटणीस साहेबांनी अगोदरच सांगून ठेवले आहे. त्यामुळे आज जे घरी आहेत, किंवा समुद्रापलीकडे नोकरीवर आहेत, त्या वाचकांशीही मी बोलतो आहे असे समजावे.

आज इथे गणितात पहिली आलेली मुलगी आहे, कुराणपठणात पहिला आलेला मुलगा आहे, धावण्याच्या शर्यतीत पहिले आलेले आहेत. मला मात्र ज्या बक्षिसाविषयी बोलायचे आहे ते गोष्टीला मिळते. गोष्ट, म्हणजे लघुकथा. आणि तीही अशी, की जी कागदावर नव्हे तर संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर चालणाऱ्या मासिकात प्रसिद्ध झाली आहे. गेली काही वर्षे अशा बक्षिसांच्या मागे मी लागलो आहे. दरवर्षी यादी कधी लागते याची वाट पाहतो, यादीतल्या कथा वाचतो आणि इतरांना वाचायला लावतो. या वयात हा नाद का लागला, ते सांगण्यासाठी मला माझी एक चूक अगोदर कबूल करावी लागेल.

2014 सालची गोष्ट. मी निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. एका शिक्षणसंस्थेने (नाव सांगत नाही, कारण दोष संस्थेचा नव्हता, माझा होता) मला आपल्या बक्षीस समितीत घेतले होते. वर्षभरात ज्या विद्यार्थ्याचे लेखन कोठे प्रसिद्ध झाले असेल त्याला पाचशे रुपये आणि प्रमाणपत्र, असे एक बक्षीस त्या संस्थेत होते. बारावीतल्या एका मुलीने अर्ज केला. तिची मराठी कथा एका ऑनलाइन दिवाळी अंकात आली होती. अर्जासोबत तिने वहीच्या कागदावर त्या अंकाचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. आम्ही तिघे समितीत होतो. दोघांनी माझ्याकडे पाहिले, कारण मराठीचा मास्तर मीच. मी म्हणालो, "अंक कुठे आहे? अंकाची प्रत जोडलेली नाही. छापून आले नाही ते प्रसिद्ध झाले असे कसे म्हणायचे?" आणि अर्जावर तांबड्या शाईने शेरा मारला: 'प्रकाशित नाही'. बक्षीस एका मुलाला गेले. त्याची चार ओळींची कविता तालुक्याच्या साप्ताहिकात आली होती.

मुलीने तक्रार केली नाही. आपल्या मुली सहसा करीत नाहीत. चार दिवसांनी ती वाटेत भेटली. सलाम केला आणि म्हणाली, "सर, पपांनी वाचली ती कथा. कुवेतला. ज्या दिवशी आली त्याच रात्री." एवढेच बोलून ती गेली. त्या वेळी मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. मला वाटले, पोरीला वाईट वाटले आहे, बापाचे नाव सांगून मनाची समजूत घालते आहे.

पुढच्या वर्षी माझ्या हाती आफ्रिकेतल्या एका लेखकाची हकीकत आली आणि तो तांबडा शेरा डोळ्यांपुढे उभा राहिला.

आफ्रिकेतील लेखकांच्या इंग्रजी किंवा इंग्रजीत आलेल्या लघुकथेसाठी 'केन प्राइझ' नावाचे एक पारितोषिक आहे. सर मायकेल केन यांच्या स्मरणार्थ ते 2000 सालापासून देण्यात येऊ लागले. हे केन सिनेमातले नव्हेत, बुकर कंपनीचे अध्यक्ष राहिलेले गृहस्थ. पहिले पारितोषिक हरारे येथील पुस्तक जत्रेत दिले गेले, आणि ते मिळाले सुदानच्या लैला अबुलेला या बाईंना. तुमच्यापैकी ज्या मुलींना वाटते की विज्ञान-गणिताच्या वाटेने गेले म्हणजे लिहिणे संपले, त्यांनी हे नाव टिपून ठेवावे. खार्टुममध्ये वाढलेल्या या बाईंनी विद्यापीठात अर्थशास्त्र आणि पुढे लंडनला संख्याशास्त्र शिकले. त्यांच्या 'द म्युझियम' या बक्षीसपात्र कथेतली सुदानी मुलगीही स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे संख्याशास्त्रच शिकते आहे. वर्गातला एक स्थानिक मुलगा तिला आपल्या नोट्स देतो, आणि पुढे दोघे तिथले आफ्रिकेविषयीचे संग्रहालय पाहायला जातात. आपल्याच मुलखाविषयी काचेआड मांडून ठेवलेले ते सामान पाहताना तिच्या मनात काय होते, त्याची ही गोष्ट. परमुलखात आपले घर दुसऱ्याच्या कपाटात पाहण्याचा तो अनुभव, आखातात किंवा विलायतेत राहून आलेल्या आपल्या माणसांना मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही.

आता तिसऱ्या वर्षाची हकीकत. बिन्यावांगा वाइनाइना हे केनियाचे. जन्म 1971 चा. ते शिकायला दक्षिण आफ्रिकेत गेले, वाणिज्य शाखेत नाव घातले, पण अभ्यास पुरा झाला नाही. घरच्यांना काय वाटले असेल ते इथल्या पालकांनी मनाशीच ताडून पाहावे. पुढे ते लिहू लागले. बऱ्याच काळाने आपण मायदेशी कसे परतलो आणि आजीआजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळे नातेवाईक युगांडात कसे जमले, याची एक लांबलचक हकीकत त्यांनी लिहिली. 'डिस्कव्हरिंग होम' तिचे नाव. ती आली 'जी-ट्वेंटीवन' नावाच्या ऑनलाइन मासिकात. मग तिला केन पारितोषिकासाठी पाठवायचे ठरले. आपल्या आठवणींच्या पुस्तकात वाइनाइना सांगतात, की प्रथम त्यांना उत्तर आले ते नकाराचे: आम्ही छापील नियतकालिकांत आलेलेच साहित्य घेतो. त्यावर त्यांनी रागारागाने उलट विचारणा केली. आफ्रिकेत कथा छापणारी मासिके आहेत तरी किती आणि कोठे, की ज्यांत आम्ही छापून यावे?

ही हकीकत मी वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. लंडनच्या समितीने जे उत्तर दिले होते, तेच मी तांबड्या शाईने लिहिले होते. फरक एवढाच की त्यांनी पुढे आपले मत बदलले. 2002 च्या अंतिम यादीत ती कथा घेतली गेली, आणि पारितोषिकही तिलाच मिळाले. त्याच यादीत नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अदीची या त्या वेळी फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या तरुण मुलीची कथा होती. तीही एका अमेरिकन मासिकाच्या ऑनलाइन पुरवणीत आलेली. आज या बाईंचे नाव जगभर घेतले जाते. म्हणजे कागदाचाच हट्ट धरला असता, तर त्या एका वर्षी ही दोन नावे दाराबाहेर उभी राहिली असती.

पुढचा भाग तर शाळेत शिकवावा असा आहे. बक्षिसाच्या पैशाचे वाइनाइनांनी काय केले? त्यांच्या आधाराने मित्रांना घेऊन नैरोबीत 'क्वानी?' नावाचे कथामासिक उभे केले. तिथल्या तरुणांच्या बोलीत या शब्दाचा अर्थ 'मग काय झालं?' असा होतो म्हणे. नावच मोठे धीट आहे. आणि 2003 चे केन पारितोषिक कोणाला मिळावे? केनियाच्याच इव्होन अधियाम्बो ओवुओर यांना, 'क्वानी?'मध्ये आलेल्या कथेबद्दल. ती कथा आहे र्वांडातल्या 1994 च्या हत्याकांडानंतर नैरोबीत येऊन पडलेल्या एका खानदानी घराण्याची. काल ज्यांच्या दाराशी नोकर होते, त्यांना आज एका शिक्क्यासाठी कचेरीच्या ओळीत उभे राहावे लागते. छापायला जागा नाही म्हणून ज्याने भांडण केले, त्यानेच जागा करून दिली आणि वर्षाच्या आत त्या जागेतली कथा बक्षीस घेऊन गेली. वाइनाइना 2019 साली वारले.

अमेरिकेतही हाच झगडा वेगळ्या रीतीने चालला होता. तिथे उत्तम कथांचे वार्षिक संग्रह काढण्याची जुनी चाल आहे. 'बेस्ट अमेरिकन शॉर्ट स्टोरीज' 1915 पासून, ओ. हेन्री पारितोषिकाचा संग्रह 1919 पासून, 'पुशकार्ट' 1976 पासून. परंतु ऑनलाइन मासिकातल्या कथेकडे हे मोठे लोक फारसे वळून पाहत नसत. तेव्हा 'स्टोरीसाउथ' या ऑनलाइन मासिकाचे एक संस्थापक जेसन सॅनफर्ड यांनी 2003 साली 'मिलियन रायटर्स अवॉर्ड' सुरू केले, केवळ ऑनलाइन प्रसिद्ध झालेल्या कथांसाठी. त्याची पद्धत मला आवडते. वाचक आपल्या पसंतीची कथा सुचवीत, संपादक आपल्या मासिकातल्या सुचवीत. परीक्षक त्यांतून वर्षाच्या उल्लेखनीय कथांची लांब यादी करीत. तीतून दहा निवडल्या जात, आणि त्या दहांतली पहिली कोणती हे वाचकांच्या मतांनी ठरे. कथा निदान 1000 शब्दांची हवी, आणि आपली आपण कोठेतरी चढवून दिलेली नको, संपादकाच्या हाताखालून गेलेली हवी, अशी अट होती. ही अट विद्यार्थ्यांनी नीट ऐकावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आपण टाकलेली गोष्ट आणि एखाद्या अनोळखी संपादकाने वाचून, दोन वाक्ये कापून, मग घेतलेली गोष्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या मुलीची कथा दुसऱ्या प्रकारची होती. मी विचारायला हवे होते ते 'कागद कुठे' हे नव्हे, तर 'निवडली कोणी' हे.

याच्या नंतर 2006 साली 'बेस्ट ऑफ द नेट' हा संग्रह निघू लागला. अगदी छोट्या, हजार शब्दांच्या आतल्या कथांसाठी 'विगलीफ' नावाचे मासिक दरवर्षी पन्नासांची यादी काढू लागले. हळूहळू मोठ्यांनाही दार उघडावे लागले. हे सारे सांगत बसत नाही, कारण नावे पाठ करून उपयोग नाही.

उपयोग कशाचा, ते सांगतो. 2015 पासून आम्ही काही माणसे रविवारी जोहरच्या नमाजनंतर वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. दोन-तीन शिक्षक, सहा-सात मुले-मुली, आणि पहिल्या वर्षापासून येणाऱ्या दोन माता. त्यांतल्या एकींचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे, आणि कथेतली खोटी जागा सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात येते. केन पारितोषिकाची अंतिम यादी लागली की तिच्यातल्या पाच कथा पारितोषिकाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळत. झेरॉक्सवाल्याकडून त्या छापून आणायच्या, आठवड्याला एक या हिशेबाने पाच रविवार वाचायच्या. इंग्रजी सर्वांना झेपत नाही. म्हणून एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा मराठीत सांगतो, आणि भांडण लागले की सगळेच घरच्या बोलीवर येतात. पाचवी कथा संपली की प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला निकाल लिहायचा आणि चिठ्ठ्या बरणीत टाकायच्या. खरा निकाल लागला की बरणी उघडायची. आमचे अंदाज बहुधा चुकतात. त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. आमची मुले जगातल्या परीक्षकांशी असहमत व्हायला शिकली, आणि का असहमत ते चार वाक्यांत सांगायला शिकली. दहावीच्या उत्तरपत्रिकेत 'लेखकाचा आशय स्पष्ट करा' या प्रश्नाला ते कसे उपयोगी पडते, ते इथले मराठीचे शिक्षक सांगतील. करोनाच्या काळात खोली बंद होती, तेव्हा हेच मोबाईलवर चालविले. बरणी तेवढी माझ्या घरी होती.

एकदा आम्ही मागे जाऊन 2009 ची बक्षीसपात्र कथा वाचली. नायजेरियाचे ई. सी. ओसोंडू यांची 'वेटिंग'. 2008 साली 'ग्वेर्निका' या ऑनलाइन मासिकात आलेली. निर्वासितांच्या छावणीतली मुले. दानात आलेल्या जुन्या टी-शर्टांवर जे छापलेले असेल तेच त्यांचे नाव. सांगणारा मुलगा ऑरलँडो आहे, कारण त्याच्या सदऱ्यावर त्या अमेरिकन शहराचे नाव होते. फोटो काढणारे कधी येतील, परदेशातले कोणी आपल्याला दत्तक घेईल का, याची वाट पाहत सगळे बसलेले. आमच्यातली एक आठवीतली मुलगी म्हणाली, "त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव लेखकाला माहीत असणार, पण तो आपल्याला सांगत नाही." कोणी काही बोलले नाही. मग त्या सातवीवाल्या बाई म्हणाल्या, "त्यालाच आठवत नसलं तर?" अशी दोन वाक्ये मला चौतीस वर्षांच्या तासांत क्वचित ऐकायला मिळाली.

तक्रारीही निघाल्या, आणि त्या रास्त होत्या. एका मुलाने विचारले की आफ्रिकेची बक्षीस मिळविणारी कथा म्हणजे भूक, छावणी आणि बंदूकच का? हा प्रश्न तिकडेही विचारला गेला आहे. 2011 चे पारितोषिक झिंबाब्वेच्या नोव्हायोलेट बुलावायो यांना मिळाले. पेरू चोरायला श्रीमंत वस्तीत जाणाऱ्या पोरांची ती कथा पुढे त्यांच्या कादंबरीचे पहिले प्रकरण झाली. ती कादंबरी 2013 साली बुकरच्या अंतिम यादीत होती. त्याच वर्षी तिचे परीक्षण करताना नायजेरियाचे हेलॉन हबिला यांनी जगाला दाखविण्यासाठी दारिद्र्याचे प्रदर्शन मांडण्याच्या या प्रवृत्तीवर कडक शब्दांत बोट ठेवले. हबिलांना स्वतःला 2001 चे हेच पारितोषिक मिळालेले होते, तेही त्यांनी पदरमोड करून स्वतः छापलेल्या पुस्तकातल्या कथेबद्दल. माझे मत विचाराल तर पोरांची ती कथा मला खरी वाटते, परंतु मुलाचा प्रश्नही खोटा नाही. आपल्याकडे कोणी मुस्लिम मुलगी लिहू लागली की लोक तिच्याकडून दोनच गोष्टींची अपेक्षा करतात, तलाक किंवा दंगल. ती घरातल्या माडीवर लिहील, बोटीच्या भोंग्यावर लिहील, याची कोणाला कल्पनाच नसते.

2017 साली आमच्या खोलीत वेगळीच गंमत झाली. यादीत नाव होते बुशरा अल-फादिल. आपल्याकडे बुशरा हे मुलीचे नाव. मुलींनी ताबडतोब पक्ष घेतला, आमची बाई जिंकणार! फोटो पाहिला तर पांढऱ्या केसांचे गृहस्थ. सुदानचे कवी-कथाकार. पण आमच्या मुलींचा अंदाज त्या वर्षी बरोबर निघाला, बुशराच जिंकले. महत्त्वाचे असे की त्यांची कथा मूळची अरबी होती आणि तिचा इंग्रजी अनुवाद मॅक्स श्मूकलर यांनी केला होता. अनुवादित कथेला हे पारितोषिक प्रथमच मिळाले. 10,000 पौंडांपैकी 7,000 लेखकाला आणि 3,000 अनुवादकाला असे वाटून देण्यात आले. पालकहो, हा आकडा मी मुद्दाम सांगितला. आपली मुले घरी एक बोली, शाळेत मराठी, मौलवी साहेबांकडे उर्दू-अरबी आणि परीक्षेला इंग्रजी अशी चार ठिकाणी फिरतात. त्यांना आपण 'सगळ्यांत कच्ची' म्हणतो. या चौघींमध्ये ये-जा करता येणे ही एक विद्या आहे, आणि तिला जगात मोल आहे.

आता ज्यांना स्वतः कथा पाठवायची आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. केन पारितोषिक आफ्रिकेच्या लेखकांचे, ते आपण वाचावे. आपल्याला भाग घेता येईल असे एक म्हणजे 'कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझ'. ते 2012 पासून दिले जाते. कथा 2000 ते 5000 शब्दांची, अप्रकाशित, आणि प्रवेशशुल्क नाही. विभागीय विजेत्यांच्या कथा 'ग्रँटा' मासिकाच्या ऑनलाइन पानांवर येतात, म्हणून त्याही फुकट वाचता येतात. 2016 साली पराशर कुलकर्णी आणि 2020 साली रांचीच्या कृतिका पांडे या भारतीयांना त्याचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आहे. अलीकडच्या वर्षांच्या नियमांत बंगाली आणि तमिळ कथा मूळ भाषेत स्वीकारल्या जातात, मराठी नाही. याचे मला वाईट वाटते. पण इंग्रजी अनुवाद करून पाठविण्याची मुभा आहे.

दोन सावधगिऱ्या. कथा घेण्यासाठी किंवा बक्षिसासाठी आधी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. वडिलांच्या घामाचे पैसे प्रमाणपत्राच्या चकचकीत कागदावर घालवू नयेत. दुसरी: यंत्राकडून गोष्ट लिहून घेऊ नये. 'क्लार्क्सवर्ल्ड' नावाचे अमेरिकेतले ऑनलाइन कथामासिक आहे. 'मिलियन रायटर्स' मिळविणारी कॅथरिन व्हॅलेन्टे यांची एक कथा तिथेच 2006 साली आली होती. नवख्याची कथाही हे मासिक वाचून पाहते, ही त्याची ख्याती. 2023 च्या फेब्रुवारीत यंत्राकडून लिहवून घेतलेल्या इतक्या कथा तिथे येऊन पडल्या, एका महिन्यात सुमारे 500, की संपादक नील क्लार्क यांना काही काळ दार बंद करावे लागले. ज्या दारातून गरिबाचे मूल आत जाऊ शकत होते, ते दार लबाडांनी अडविले.

ऑनलाइन मासिकांचा एक खरा दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी वकिली केली असे होईल. ती टिकत नाहीत. चालविणारे बहुधा नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून चालवितात. उत्साह किंवा पैसा संपला की पान बंद. 'मिलियन रायटर्स'च्या जुन्या याद्या उघडून मी बसतो तेव्हा कितीतरी कथांचे नुसते नाव उरलेले दिसते. बोट ठेवले तर पुढे काही नाही. कबरीवरची पाटी आहे, कबर नाही, असे वाटते. छापील मासिकाचा जुना अंक रद्दीवाल्याकडे तरी सापडतो. म्हणून आमच्या खोलीत नियम आहे: आवडलेली कथा छापून फायलीत लावायची. कपाटात अशा फायली झाल्या आहेत.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचाराल. मी त्या समितीत नियम बदलून घेतला, पण त्याला दोन वर्षे लागली आणि तोवर ती बी. फार्मसीला गेली होती. मागच्या वर्षी एका लग्नात तिचे वडील भेटले. कुवेत सोडून कायमचे घरी आले आहेत. मी अवघडून विषय काढला. माफी मागावी असे मनात होते, पण मांडवात जेवणाच्या पंक्ती चालू असताना ते जमेना. नुसते म्हणालो, "तुमच्या मुलीची ती कथा मी अजून वाचलेली नाही." कारण मित्रहो, खरे सांगायचे तर ती मी वाचलीच नव्हती. न वाचता शेरा मारला होता. आणि जेव्हा वाचायची बुद्धी झाली तेव्हा तो दिवाळी अंक बंद पडलेला होता.

ते म्हणाले, "सर, माझ्याकडे आहे." खिशातून मोबाईल काढला. तो जुन्या मोबाईलमधून नव्यात, नव्यातून आणखी नव्यात असे करीत त्यांनी अकरा फोटो सांभाळून ठेवले होते. कथा आली त्या रात्री, कामावरून आल्यावर, खोलीत सात जण असताना, पडद्याचे एकामागून एक घेतलेले. मग त्यांनी ती मोठ्याने वाचून खोलीतल्या सर्वांना ऐकविली होती. त्यांत दोघे केरळचे होते. त्यांना मराठी कळत नव्हते, तरी बसून राहिले. छापील अंक असता तर टपालाने त्यांना कधी मिळाला असता, आणि मिळाला असता की नाही, कोण जाणे.

कथा माडीची आहे. आखाती पैशाने बांधलेली, मुलगे परततील म्हणून कुलूप लावून ठेवलेली घरावरची माडी. घरातली मुलगी चोरून किल्ली घेऊन अभ्यासाला वर जाते आणि एक दिवस आजी तिला पकडते. पुढे काय होते ते मी सांगत नाही. ते अकरा फोटो समोर ठेवून मी तीन संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने उतरून काढली. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या तशाच ठेवल्या आहेत. मुलीला विचारून, तिच्या परवानगीने, तिची एक प्रत वाचनालयात पहिल्या कपाटात हिरव्या फायलीत लावली आहे. त्याच फायलीत पाच परदेशी कथाही आहेत. ज्यांना पाहिजे त्यांनी ग्रंथपालांकडे सही करून न्यावी. आठ दिवसांत परत करावी, कारण प्रत एकच आहे.